सतरावी सही: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय: पहिलीच्या बाईंचा 'ळ'
संदर्भ: आपल्याच खात्याच्या एका कार्यालयाकडून मागच्या सोमवारी आलेलं एका ओळीचं पत्र

महोदय,
स. न. वि. वि.

"आपला अर्ज निकाली काढण्यात आला आहे." पत्रात एवढंच आहे. खाली न वाचता येणारी सही आणि गोल शिक्का. अर्ज माझ्या मुलीच्या, शाळेने काढून टाकलेल्या पहिलीच्या बाईंबद्दल होता. गणपतीच्या आदल्या आठवड्यात त्याच कार्यालयातल्या साहेबांनी आम्हा चार पालकांना बसवून, चहा पाजून सांगितलं होतं, "पंधरा दिवसांत बाई वर्गात दिसतील, निर्धास्त राहा." दिवाळी गेली. साहेबांची बदली झाली. नवीन साहेब म्हणाले, खासगी संस्थेचा अंतर्गत विषय आहे, आणि तक्रार करायची तर बाईंनी करावी, तुम्ही कोण?

मी कोण ते सांगतो. त्यासाठीच हे पत्र आहे.

शाळा पुण्यातली, मराठी माध्यमाची, खासगी, विनाअनुदानित. नाव लिहीत नाही, मुलगी अजून तिथेच शिकते. जूनमध्ये पहिलीच्या वर्गावर नव्या बाई आल्या. साक्री तालुक्यातल्या, म्हणजे माझ्या धुळे जिल्ह्यातल्या. डी.एड. झालेल्या, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पास. पहिल्या दिवशी वर्गात रडारड असते तशी होती. एक मुलगा दाराला धरून बसला होता. बाई त्याच्याशेजारी फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, "काय व्हयनं माय?" पोरगं रडायचं थांबलं, कारण त्याला काही कळलंच नाही. मी दारात उभा होतो. माझ्या मात्र पोटात काहीतरी हललं. वीस-बावीस वर्षांत पुण्यात कुणी माझ्यासमोर अहिराणीत, आमच्या खानदेशी बोलीत, बोललं नव्हतं.

दहाव्या दिवशी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज पडला. "टीचर फळ्याला 'फया' म्हणतात. इज दिस ओके?" मग एकेक येत गेले. पाण्याला पानी म्हणतात. 'कोण'ला 'कोन' म्हणतात. एका ताईंनी लिहिलं की आमचा मुलगा घरी 'डोया दुखतो' म्हणाला, आम्हाला आधी कळेचना. हसण्याचे पिवळे चेहरे. आणि मग तो प्रश्न, जो कुणीतरी विचारणारच होतं: "मॅडमचं बॅकग्राउंड काय आहे?"

साहेब, बॅकग्राउंड म्हणजे शिक्षण नव्हे. शिक्षण शाळेच्या फलकावर लावलेलं होतं. बॅकग्राउंड म्हणजे आडनाव. आडनाव कळल्यावर ग्रुप दोन मिनिटं गप्प झाला आणि नंतर सगळे फार जपून, फार सभ्य मराठीत बोलायला लागले. "आमचा कुणाच्या समाजाला विरोध नाही, पण भाषिक संस्काराचा प्रश्न आहे." हा 'पण' मी आयुष्यभर ऐकत आलोय.

वर्गात 46 मुलं. शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट म्हणतं की प्राथमिकच्या मोठ्या शाळेतही एका शिक्षकामागे 40 च्या वर मुलं नकोत. त्यावर एकही मेसेज नाही. बाईंना हातात किती पगार मिळतो, यावर नाही. तक्रार 'ळ'ची. जुलैच्या शेवटी अर्ज तयार झाला: "मुलांवर योग्य भाषिक संस्कार होत नसल्याबाबत." 31 सह्या.

सतरावी सही माझी आहे.

हे लिहायला मला चार महिने लागले, म्हणून तेवढे दिवस तुम्हाला पत्र आलं नाही. सही का केली? कुणी धरून करून घेतली नाही. गेटवर कागद फिरत होता, पेन पुढे आलं, मी केली. त्यामागचं कारण फार जुनं आहे आणि ते तुमच्या फायलीत बसणार नाही, तरी लिहितो.

डिप्लोमासाठी पुण्यात आलो तेव्हा पहिल्या तासाला ओळख करून द्यायची होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी धुयाहून आलो." सगळा वर्ग हसला, सरसुद्धा. तीन वर्षं माझं नाव 'धुया' होतं. हॉस्टेलच्या आरशासमोर मी जीभ उलटी वळवून टाळूला लावायचा सराव केलाय, रात्री, बाकीचे झोपल्यावर. ण आला. ळ येतो, पण घाईत असलो, रागात असलो, की निसटतो. म्हणून मी ळ टाळायला शिकलो. वेळ म्हणायचं नाही, टाइम म्हणायचं. शाळेला स्कूल, काळ्याला ब्लॅक, गोळीला टॅब्लेट. ऑफिसात लोक म्हणतात, तुमचं इंग्लिश किती सहज आहे हो! ते इंग्लिश नाही, साहेब, ती माझ्या तोंडातली पळवाट आहे. मराठीतला एक वर्ण चुकवायला मी अर्धी मराठी सोडून दिली, आणि तुम्ही लोक दर वर्षी 27 फेब्रुवारीला स्टेजवरून विचारता की मराठी माणूस इंग्रजी शब्द का वापरतो.

माझ्या मुलीला हे वाट्याला येऊ नये म्हणून मी सही केली. आपल्याला जे मारलं, तेच उचलून मी दुसऱ्याला मारलं.

आता संस्थेने काय केलं ते ऐका. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांचा 1977 चा कायदा आहे, तुमच्याच राज्याचा. नव्या शिक्षकाला दोन वर्षं परिवीक्षा, म्हणजे प्रोबेशन. त्या काळात काम किंवा वर्तणूक समाधानकारक नाही असं व्यवस्थापनाला वाटलं, तर एक महिन्याची नोटीस किंवा एका महिन्याचा पगार देऊन मोकळं होता येतं. 'वाटलं' की झालं. ऑगस्टमध्ये बाईंना पाकीट मिळालं. कारण: काम असमाधानकारक. दीड महिन्यात वर्गातली बहुतेक पोरं स्वतःचं नाव लिहायला लागली होती, हे असमाधानकारक. शाळा न्यायाधिकरणात 30 दिवसांत अपील करता येतं, हो, मी बाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, वकिलाले पैसे कोठून आनू? आनि जिंकले तरी त्याच पालकांसमोर उभं राहायचं ना?" मला 'सर' म्हणत होत्या. माझी सही त्यांनी पाहिलेली नव्हती, की पाहिलेली होती, मला विचारवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन सही मागे घेत असल्याचं पत्र दिलं. शाळा म्हणाली, अर्ज वरच्या कार्यालयात गेला. कार्यालय म्हणालं, सही मागे घेण्याची तरतूद नाही. करण्याची होती. मग आम्ही चौघांनी बाईंना परत घ्या म्हणून नवा अर्ज केला. तोच हा, निकाली निघालेला.

मंत्रिमहोदय, शिक्षक व्हायला काय लागतं हे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने 23 ऑगस्ट 2010 च्या अधिसूचनेत लिहून ठेवलंय. बारावीचे गुण, पदविका, टीईटी. मी ती वाचली. जीभ टाळूला कुठे लागली पाहिजे हे तीत मला सापडलं नाही. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम वाचले, 1962 चे 14 आणि 1972 चे 4. अठराच्या अठरा लिहिण्याबद्दल आहेत. मग 'शुद्ध उच्चार' नावाचा हा कायदा केला कुणी? चमचातल्या आणि चारमधल्या 'च'चे आपण दोन वेगळे उच्चार करतो, लिहितो एकच, तिथे कुणाचा संस्कार बुडत नाही. कारण ती चूक पुण्यात होते, म्हणून ती चूक नसते.

आणि ते अभिजात भाषेचं. 3 ऑक्टोबर 2024 ला दर्जा मिळाला, पेढे वाटले, मीही खाल्ला. आपली वंशावळ आपण महाराष्ट्री प्राकृतापर्यंत नेली ना? तर त्या महाराष्ट्री प्राकृतात 'न' जवळपास उरलाच नव्हता, नयनाचंसुद्धा 'णअण' व्हायचं. तेव्हा आमच्या ग्रुपवरचे पालक असते तर त्यांनी पाण्याला पाणी म्हणणाऱ्यांना पेढे दिले असते आणि नाकाला नाक म्हणणाऱ्या बाईंना काढून टाकलं असतं. दोन हजार वर्षांच्या भाषेत ण कधी आत असतो, कधी बाहेर. नोकरी मात्र एकाच बाजूची जाते.

2025 च्या एप्रिलमध्ये तुमच्या खात्याने पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय काढला, जूनमध्ये तो बदलला, 29 जूनला दोन्ही मागे घेतले. अख्खा महाराष्ट्र मातृभाषेवर बोलत होता. आमच्या ग्रुपवर तर पूरच होता, 'आईची भाषा' वगैरे. यातल्या बऱ्याच लोकांच्या सह्या त्या कागदावर आहेत. आईची भाषा, पण आई कोथरूडची पाहिजे. 2011 च्या जनगणनेत अठरा लाखांच्या वर लोकांनी आपली भाषा खानदेशी म्हणून नोंदवली. या अठरा लाखांच्या आया कुणाच्या हिशेबात आहेत?

शाळेने मराठी शिकवली नाही तर एक लाखापर्यंत दंड, असा 2020 चा कायदाही आहे. छान आहे. मराठी बोलते म्हणून शिक्षिकेला काढलं तर किती दंड, तेवढं कलम राहून गेलं वाटतं.

अजून एक सांगतो, यात विनंती वगैरे काही नाही, नुसतं सांगतो. आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत मी दुसरीत असताना सातारकडचे एक गुरुजी बदलून आले. चांगले होते. पण ते बोलायचे ते आम्हाला निम्मं कळायचं नाही. "इकडे ये" म्हटलं की आम्ही एकमेकांकडे पाहायचो, कारण आमच्या घरी 'आठे ये' म्हणतात. आम्ही मार खाल्ला, हसं करून घेतलं, आणि हळूहळू त्यांची भाषा शिकलो. आमच्या बापांनी सह्या गोळा केल्या नाहीत. गुरुजींचं बॅकग्राउंड विचारलं नाही. बापाला वाटायचं, चूक आपल्या पोरांचीच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेत शिकवावं असं लिहिलंय, 2010 पासून लागू आहे. साक्रीच्या, नवापूरच्या, धडगावच्या पोरांना पहिलीत ती भाषा मिळते का, हे विचारायला कधी कुठला मंत्री गेला? की 'शक्य तिथवर' म्हणजे पुण्यापासून चाकणपर्यंत?

शिक्षणाचं सगळंच असं आहे. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला, म्हणजे मानधनावरच्या नव्या शिक्षकाला, 2023 च्या जानेवारीपर्यंत महिना 6000 रुपये द्यायचे, मग उपकार केल्यासारखे 16000 केले. मतदार याद्या त्यानेच करायच्या, जनगणना त्यानेच करायची, ॲपवर फोटो त्यानेच टाकायचे. आणि एवढं करून त्याने आकाशवाणीच्या निवेदकासारखं बोलायचं. खासगी शाळेतल्या बाईला तर सोळाही मिळत नाहीत, तुम्हालाही माहीत आहे, तुमच्या खात्यालाही माहीत आहे, आणि सगळे मिळून माहीत नसल्यासारखं करतात.

माझी मुलगी. पुण्यात जन्मलेली, तिचे ण-ळ जन्मापासून टकाटक. पोरं बरोबरीच्या पोरांसारखी बोलतात, बाईंसारखी नाही, हे मला घरातच दिसत होतं, तरी मी घाबरलो. बाई होत्या त्या दीड महिन्यात एकदा तिने गावी आजीला फोन लावला आणि म्हणाली, "आजी, तू आठे ये ना." माझी आई फोनवर काही बोललीच नाही. नात फोनवर आली की ती दोन वाक्यांत आवरतं घ्यायची, आपलं बोलणं पोरीला कळत नाही म्हणून. त्या दिवशी पाऊण तास बोलली.

परवा जेवताना मी पाणी मागितलं. दमलो होतो, जीभ निसटली. मुलगी म्हणाली, "बाबा, पानी नाही, पाणी. नवीन टीचर हसतात." तिने मला तीनदा म्हणायला लावलं. मी म्हटलं.

मागणं फार नाही. परिवीक्षेतल्या शिक्षकाचं काम 'असमाधानकारक' ठरवताना बोलीचा उच्चार हे कारण चालणार नाही, असं एक साधं परिपत्रक काढा. हिंदीसाठी एका हंगामात दोन शासन निर्णय निघाले, यासाठी अर्धं पान पुरेल. त्या बाईंच्या सेवापुस्तकात काय शेरा लिहिलाय ते कुणाला तरी बघायला पाठवा, कारण तो शेरा घेऊन त्या कुठेही गेल्या तरी दार बंद होणार.

आणि एक माझं वैयक्तिक. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून मी त्या जुलैच्या तक्रारीची प्रत मागितली. तीन पानं, पानाला दोन रुपये, सहा रुपये भरले. प्रत मिळाली. त्रयस्थ व्यक्तींची माहिती म्हणून सगळी नावं काळी केलेली आहेत, माझंसुद्धा. बाईंचं नाव आणि गाव तेवढं स्वच्छ वाचता येतं.

सतराव्या ओळीवरची काळी पट्टी काढून मला ते पान पुन्हा द्यायला सांगा. दोन रुपये परत भरतो.

आपला,
पहिलीतल्या एका मुलीचा बाप
(मूळ गाव: धुये)