भांडणाला श्रेय देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत फ्लीटवुड मॅक या बँडच्या 'रूमर्स' या अल्बमवर अर्ध्या पानाचा लेख आला होता. मराठी वर्तमानपत्रात रॉक संगीताला एवढी जागा मिळाली याचा आनंद झाला. लेख दोनदा वाचला. पण त्याचा एकूण सूर मला पटला नाही. बँडमधली पाच माणसं एकमेकांवर धुमसत होती, दोन जोडपी फुटली होती आणि त्या आगीतूनच हा थोर अल्बम जन्मला, असं लेखकाचं म्हणणं आहे. शेवटी तर त्यांनी तरुण कलावंतांना सल्लाच दिला आहे की सुरळीत चाललेल्या बँडकडून काही मोठं घडत नसतं.

मी निवृत्त ध्वनिमुद्रक आहे. मुंबईतल्या एका स्टुडिओत टेपच्या काळापासून कम्प्युटर येईपर्यंत काम केलं. भावगीतं, भक्तिगीतांच्या कॅसेट, बालगीतं, जाहिराती, नाटकांचं पार्श्वसंगीत, जे येईल ते. स्टुडिओत ध्वनिमुद्रक आणि कलावंत यांच्यामध्ये काच असते. तिच्या अलीकडे बसणाऱ्या माणसाला पलीकडचे रुसवेफुगवे सगळे दिसतात. त्यांची किंमत काय पडते तेही त्यालाच कळतं. म्हणून हे पत्र.

घटना तुमच्या लेखात बरोबर आहेत. फेब्रुवारी 1976मध्ये ही मंडळी कॅलिफोर्नियातल्या सॉसलिटो गावी रेकॉर्ड प्लांट या स्टुडिओत दाखल झाली. लाकडी इमारत, खिडकी नाही. बाहेर दिवस आहे की रात्र याचा आत पत्ता लागत नसे. बासवादक जॉन मॅकव्ही आणि कीबोर्ड वाजवून गाणारी क्रिस्टीन मॅकव्ही यांचा 1968पासूनचा संसार नुकताच मोडला होता. गिटारवादक लिंडसे बकिंगहॅम आणि गायिका स्टीव्ही निक्स यांचंही फाटलं होतं. ड्रमर मिक फ्लीटवुडच्या घरीही तीच गत. बायका एकीकडे राहायच्या, पुरुष दुसरीकडे. मॅकव्ही नवराबायको गाण्यापुरतं बोलायचे, बाकी अवाक्षर नाही. जोडीला दारू आणि कोकेन. संध्याकाळी जमायचं, खाणंपिणं मध्यरात्र उलटेपर्यंत आणि मग कधीतरी वाजवायला बसायचं, असा क्रम असे.

इथवर आपलं एकमत आहे. मतभेद पुढे आहे. त्या पाच जणांखेरीज त्या खोलीत आणखी दोन माणसं रोज होती, केन कॅले आणि रिचर्ड डॅशट. दोघं ध्वनिमुद्रक, आणि बँडच्या बरोबरीनं अल्बमचे निर्मातेही. वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून 'रूमर्स'ला ग्रॅमी मिळालं ते या दोघांनाही मिळालं. तुमच्या अर्ध्या पानात कोण कुणाला सोडून गेलं हे तपशीलवार आहे. या दोघांचं नाव मात्र एकदाही नाही.

त्यांनी काय केलं, ते एका प्रसंगावरून सांगतो.

त्या काळी दोन इंची रुंद टेपवर चोवीस ट्रॅक, म्हणजे एकमेकांशेजारी चोवीस वेगवेगळे आवाज मुद्रित होत. आधी ड्रम, बास वगैरे पाया घालायचा. मग तीच टेप पुन्हा पुन्हा वाजवून वर गिटार, कीबोर्ड, कोरस, मुख्य आवाज चढवत जायचं. टेप प्रत्येक वेळी मशीनच्या हेडवरून घासत जाते. ज्यांनी हे काम केलंय त्यांना हेडवर साचणारी तपकिरी पूड आठवत असेल. कापसाच्या काडीला स्पिरिट लावून आम्ही ती दर थोड्या वेळानं पुसायचो. ती पूड म्हणजे टेपवरचा चुंबकीय थर, म्हणजे प्रत्यक्ष मुद्रित झालेला आवाज. सर्वांत आधी जातात ते वरच्या पट्टीतले बारीक, धारदार आवाज. झांजेची किणकिण बोथट होते, स्नेअर ड्रमचा तडाखा मऊ पडतो. कान रोज तेच ऐकत असल्यानं फरक लगेच कळतही नाही.

'रूमर्स'चं नेमकं हेच झालं. महिनोन् महिने नवनवे थर चढवण्यात टेप इतकी वाजली होती की काम हॉलिवूडला हलल्यावर ड्रम निर्जीव वाटू लागले. पाच जणांची वर्षभराची मेहनत त्या टेपवर होती आणि टेप झिजत चालली होती. तेव्हा आठवलं की पाया मुद्रित करताना दोन मशीनं एकाच वेळी चालवून दोन मूळ टेपा केल्या होत्या. दुसरी टेप वाजवलीच नसल्यानं तिच्यावरचे ड्रम जसेच्या तसे ताजे होते. आता झिजलेल्या टेपवरचे गिटार आणि गळे त्या ताज्या टेपवर उतरवायचे, म्हणजे दोन मशीनं तंतोतंत एका चालीनं पळायला हवीत. आज कम्प्युटर हे क्षणात करतो. त्या टेपांवर मशीनं जुळवण्यासाठी लागणारा कोडच नव्हता. मग त्यातला जाणकार बोलावला गेला. त्यानं हेडफोन चढवला, एका कानात जुन्या टेपचे ड्रम, दुसऱ्या कानात नव्या टेपचे. आणि मशीनचा वेग बोटानं किंचित कमी, किंचित जास्त करत दोन्ही आवाज डोक्याच्या मधोमध एकत्र धरून ठेवले. एक गाणं झालं की दुसरं. रात्र त्यात गेली.

संपादक महाशय, कुणाचा घटस्फोट झाला म्हणून हे साधलं नाही. पाया घालताना कुणीतरी शहाणपणानं दुसरी टेप चालू ठेवली होती आणि एका माणसाचे कान तयार होते, म्हणून साधलं. आज आपण 'रूमर्स'मधला ड्रमचा जो खणखणीत ठोका ऐकतो तो त्या रात्रीमुळे शाबूत आहे.

'द चेन' हे गाणं घ्या. पाचही जणांच्या नावावर असलेलं या अल्बममधलं ते एकमेव गाणं. तुमच्या लेखकानं ते 'संतापाचा एकसंध उद्रेक' म्हटलंय. ते एकसंध मुळीच नाही. क्रिस्टीनचं एक अर्धवट राहिलेलं गाणं होतं, त्याचा शेवट तेवढा ठेवला. जॉनची ती प्रसिद्ध बासची ओळ तिथलीच. पुढचा भाग नव्यानं केला, शब्द स्टीव्हीचे घेतले आणि टेप कापून जोडून गाणं उभं केलं. टेप कापणं म्हणजे काय ते सांगतो. दोन्ही रीळं हातानं हळूहळू पुढेमागे फिरवत नेमका ठोका हेडवर आणायचा. टेपच्या पाठीवर पिवळ्या पेन्सिलीनं खूण करायची. खाचेत बसवून दाढीच्या ब्लेडनं तिरकी कापायची, दुसरा तुकडा भिडवायचा आणि वरून चिकटपट्टी नखानं दाबायची. ब्लेड लोहचुंबकाजवळ ठेवलेलं असलं तर जोडावर 'टप्' असा आवाज येतो, म्हणून तेही सांभाळायचं. रागानं हात थरथरत असताना हे काम होत नाही.

गाणी दुःखातून आली हे मी अजिबात नाकारत नाही. स्टीव्हीला 'ड्रीम्स' त्याच स्टुडिओतल्या एका बाजूच्या खोलीत, कीबोर्ड घेऊन एकटी बसली असताना दहा मिनिटांत सुचलं असं ती सांगते. पुढे ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पण गाणं सुचणं आणि रेकॉर्ड घडवणं यात फार अंतर आहे. सुचायला दहा मिनिटं पुरली, घडवायला वर्ष लागलं. आणि त्या वर्षात ज्या ज्या वेळी काम पुढे गेलं, त्या त्या वेळी कुणीतरी भांडण बाजूला ठेवलेलं दिसतं. 'ड्रीम्स' स्टीव्हीनं लिंडसेला उद्देशून लिहिलं होतं, आणि त्याच गाण्याला लिंडसेनं आपली गिटार चढवली. 'यू मेक लव्हिंग फन' हे क्रिस्टीननं नव्या प्रियकरावर लिहिलेलं गाणं, आणि त्यावर बास वाजवला तो जॉननं, नुकत्याच वेगळ्या झालेल्या नवऱ्यानं. ते वाजवणं ऐका. एक सूर अवाजवी नाही, कुठे कुरघोडी नाही, गाण्याला जे हवं तेवढंच. याला मी व्यवसायनिष्ठा म्हणतो. मानायचं तर तिला मानावं.

आणि अल्बममधलं सर्वांत शांत गाणं, 'साँगबर्ड'? ते तर खिडकी नसलेल्या खोलीत झालंच नाही. मार्च 1976मध्ये कॅलेनं क्रिस्टीनला बर्कली विद्यापीठाच्या झेलरबाख सभागृहात नेलं. रिकामं सभागृह, मोठा पियानो, त्यावर फुलं ठेवलेली, ठिकठिकाणी मायक्रोफोन. ताल सुटू नये म्हणून लिंडसे आडोशाला बसून गिटार वाजवत होता. ताणतणावातून थोर कला येत असती तर तिला त्यापासून दूर नेण्याचा एवढा खटाटोप कुणी कशाला केला असता?

भांडणानं खरोखर काय केलं तेही सांगायला हवं. स्टीव्हीचं 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' हे लांबलचक, अतिशय सुंदर गाणं अल्बममधून वगळलं गेलं. कारण तांत्रिक होतं. एलपीच्या, म्हणजे मोठ्या तबकडीच्या, एका बाजूवर साधारण 22 मिनिटं बसतात, त्याहून जास्त कोंबलं तर खाचा दाटीवाटीनं येतात आणि आवाज बारीक होतो. निर्णयाला तेवढा आधार होता. पण तिच्या नकळत बाकीच्यांनी तिचंच दुसरं एक छोटं गाणं त्या जागी मुद्रित करून ठेवलं आणि मग मिक फ्लीटवुडनं तिला बाहेर पार्किंगमध्ये नेऊन हे सांगितलं. बोलणं जिथे बंद पडलेलं असतं तिथे असंच होतं. हे गाणं तेव्हा एका सिंगलच्या, म्हणजे एकेका गाण्याच्या छोट्या तबकडीच्या, मागच्या बाजूला जाऊन पडलं. ते खऱ्या अर्थानं लोकांपर्यंत पोचायला 1997 उजाडलं, बँड पुन्हा एकत्र येऊन ते मंचावर गायला तेव्हा. वीस वर्षं! या नुकसानीचा हिशेब कुणी मांडत नाही.

आणखी एक गोष्ट लेखात यायला हवी होती, ती म्हणजे पैसा. बँडचा आधीचा, 1975चा अल्बम दुकानात खपत होता आणि 'रूमर्स'चं काम चालू असतानाच सप्टेंबर 1976मध्ये तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचला. त्यामुळे त्यांच्या रेकॉर्ड कंपनीनं, वॉर्नर ब्रदर्सनं, धीर धरला. स्टुडिओचं भाडं चालू राहिलं, चुकलेलं पुसून पुन्हा करायला सवड राहिली. अल्बम बाहेर आला 4 फेब्रुवारी 1977ला आणि अमेरिकेत 31 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. ज्यांच्या पाठीशी एवढी कंपनी उभी होती त्यांना भांडणाची चैन परवडली.

माझ्या भाच्याचा पुण्यात बँड आहे. चौघं मुलं, सगळी नोकरी सांभाळून वाजवणारी, मराठीत स्वतःची गाणी करणारी. पहिला अल्बम सुरू आहे. स्टुडिओ तासावर घेतात, पैसे पगारातून. त्यांचा ड्रमर आणि गायक यांचं सध्या बोलणं बंद आहे. एक जण सकाळी येऊन आपलं वाजवून जातो, दुसरा रात्री येऊन गातो. तुमचा लेख भाच्यानंच मला पाठवला आणि वर लिहिलं, 'मामा, बघ, आमचं बरोबर चाललंय.' मला ते वाचून फार वाईट वाटलं. त्यांनी केलेलं मी ऐकलंय. गाणी चांगली आहेत, चाली ताज्या आहेत. पण ड्रम आणि गळा एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत हे पहिल्या कडव्यातच ऐकू येतं. गायक जिथे श्वास घेतो तिथे ड्रमरनं थोडं थांबायला हवं. तो थांबत नाही, कारण तो श्वास त्यानं कधी ऐकलेलाच नाही. माझ्या स्टुडिओत हे मी कितीदा पाहिलंय! संगीतकार आणि गीतकारात वाजलं, दोघं वेगवेगळ्या वेळी यायला लागले आणि कॅसेट कशीबशी पुरी झाली. त्या कॅसेट आज कुणाला आठवत नाहीत. त्यांच्यावर लेख येत नाहीत, म्हणूनच भांडणातून फक्त थोर गोष्टी निघतात असा समज होतो.

भाच्याला मी एवढंच सांगितलंय की पुढच्या वेळी स्टुडिओ घ्याल तेव्हा ड्रमर आणि गायक एकाच वेळी आत हवेत, मध्ये काच असली तरी चालेल. रेकॉर्डिंगला मीही जाऊन बसणार आहे.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. 'रूमर्स'बद्दलच्या लेखाला जोडून केन कॅले आणि रिचर्ड डॅशट यांची नावं एका ओळीत का होईना, छापावीत. आणि यापुढे पुरवणीत कुठल्याही अल्बमचं परीक्षण येईल, विशेषतः मराठी अल्बमचं, तेव्हा गायक, संगीतकार आणि गीतकार यांच्याखाली ध्वनिमुद्रकाचं आणि मिक्सिंग करणाऱ्याचं नाव द्यावं. आजकाल गाणी मोबाइलवर येतात, कॅसेटच्या आतला कागद गेला आणि त्यावरची नावंही गेली. परीक्षकानं बँडला एक फोन केला तर ती नावं मिळतील.

आपला,
वि. म.
डोंबिवली (पूर्व)