तारणहार नव्हे, संदेष्टा

संपादक महोदय,

मॉर्मन या अमेरिकेत उगम पावलेल्या ख्रिस्ती पंथाचे लोक आपले संस्थापक जोसेफ स्मिथ यांनाच तारणहार मानतात, हा समज चांगले वाचन असलेल्या मंडळींतही आढळतो. तो चुकीचा आहे. स्मिथ यांनी १८४२ मध्ये लिहिलेल्या श्रद्धाकलमांतच म्हटले आहे की, तारण ख्रिस्ताच्या प्रायश्चित्तामुळे, सुवार्तेचे नियम आणि विधी पाळून मिळते. मात्र ते विधी करण्याचा अधिकार पृथ्वीवरून लोपला होता आणि देवाने तो स्मिथ यांच्यामार्फत परत दिला, अशी या पंथाची श्रद्धा आहे. बाप्तिस्मा, मंदिरात पती-पत्नीला अनंतकाळासाठी जोडणे, मृतांच्या वतीने घेतलेला बाप्तिस्मा, सारे त्याच अधिकारावर उभे आहे. म्हणूनच १८४४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्यांची हत्या केल्यावर पंथाच्या धर्मग्रंथात लिहिले गेले की, येशू वगळता मानवाच्या तारणासाठी त्यांच्याइतके कोणीच केलेले नाही. स्मिथ यांच्यानंतर पंथाचे नेते झालेले ब्रिगहॅम यंग १८५९ मध्ये आणखी पुढे गेले. स्मिथ यांच्या संमतीशिवाय या युगातील कोणालाही सर्वोच्च स्वर्गात प्रवेश नाही, असे ते म्हणाले. हे एकच वाक्य सुटे काढून पंथावर टीका करणे मला अन्यायाचे वाटते. इतर ख्रिस्ती पंथांचा मूळ आक्षेप वेगळा आहे: तो अधिकार कधी लोपलाच नव्हता. वाद घालायचा तर या मुद्द्यावर घालावा.

– एक वाचक, पुणे