पेटीचा भाव, देवचाराचा भाव

मिलवॉकी, १२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रविवारी मी विकते त्या खेळाच्या गोष्टींबद्दल तू विचारलंस, ‘ह्यां इकत घेता कोण? आणि एकाच वस्तूचे तीन भाव कशाक?’ मी सांगायला लागले आणि रेंज गेली. (की फोन ठेवलास?) म्हणून पत्र. इकडे गुडघाभर बर्फ आहे, तिकडे मोहोरावर फवारणी चालू असेल.

आधी खेळ काय तो ऐक. दशावतारात आख्यान ठरलेलं असतं, संवाद कुणी लिहून देत नाही. राजा आणि राक्षस उभ्याउभ्या बोलतात. हा खेळ तसाच, फक्त बसून. एक सूत्रधार, चार खेळाडू. सूत्रधार म्हणतो, ‘तुम्ही खाडीच्या तोंडाशी आहात, ओहोटी लागलीय.’ मग जो तो आपलं पात्र काय करतं ते सांगतो, अडलं की फासा टाकतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा यातला पहिला गाजलेला खेळ. १९७४ साली लेक जिनिव्हात निघाला, माझ्या घरापासून गाडीने तासाभरावर. आता पुष्कळ जण रोल२० किंवा फाउंड्रीसारख्या ऑनलाइन पटांवर खेळतात, कारण पाच जणांचं एका घरात जमणं कठीण.

मी विकते ते आख्यान. पहिलं ‘खाडीतला देवचार’, आजीने सांगितलेल्या गोष्टीवरून.

नुसती पीडीएफ ५ डॉलरला. त्यात गोष्ट, नकाशे, पात्रं सगळं आहे, पण ऑनलाइन खेळवणाऱ्याचं तेवढ्याने भागत नाही. नकाशा पटावर चढवायचा, भिंती आखायच्या म्हणजे पलीकडचं खेळाडूंना दिसत नाही, कुठलं दार उघडतं, कंदिलाचा उजेड कुठवर पडतो, भूत कुठे दडलंय, सगळं मांडायचं. एका रात्रीच्या खेळासाठी सूत्रधाराचे दोन-तीन तास त्यात जातात. ते मी करून दिलं की १२ डॉलर. हा वाढीव भाव गोष्टीचा नव्हे, त्याच्या वाचलेल्या शनिवारचा. दोन्ही मिळून १४. शिवाय फाउंड्रीसाठी मांडलेलं रोल२०वर जसंच्या तसं चालत नाही, पुन्हा सगळं मांडावं लागतं, म्हणून तिथे वेगळे पैसे. यावर लोक चिडतात. मीही चिडले असते.

आणि खेळतात पाच, पैसे देतो एकटा सूत्रधार. फाउंड्रीचंही तेच, त्याने एकदा ५० डॉलर भरले की बाकीच्यांना काही पडत नाही. गावाने वर्गणी काढून नाटक आणलं तर जड जात नाही. एकट्याने आणायचं म्हटलं की तो घासाघीस करणारच.

आडत इथेही आहे. ड्राइव्हथ्रूआरपीजी या विक्रीच्या साइटवर शंभरातले ६५ मला, दुसरीकडे विकणार नाही असं कबूल केलं तर ७०. डीएम्स गिल्ड या दुसऱ्या साइटवर ५०च, पण तिथे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या मूळ कंपनीने रचलेलं जग वापरायला मिळतं. मला त्यांचं जग कशाला, माझी खाडी आहे की. नियम तेवढे लागतात, आणि त्यांचा गाभा २०२३च्या जानेवारीत क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुला झाला. इच.आयओ या तिसऱ्या साइटवर तर आडत किती द्यायची ते विकणाराच ठरवतो. वाशीला कुणाला सांगून बघ!

आता गठ्ठ्याचं. इथे मी शेण खाल्लं.

चार आख्यानं झाल्यावर चारही मिळून २५ डॉलरला लावली. सुटी घेतली तर ४८. म्हटलं, पेटी ती पेटी, सुट्या डझनापेक्षा स्वस्तच असायची. पण आपला गिऱ्हाईक कालचा डझन खाऊन मोकळा होतो. माझ्या गिऱ्हाइकाकडे कालचं आख्यान तसंच असतं. ज्यांनी पहिली दोन २४ डॉलर मोजून घेतली होती, त्यांनी बघितलं की आज आलेल्याला एक डॉलर जास्त भरून चारही मिळतात. मला कुणी ओळखत नव्हतं तेव्हा घेतलेली माणसं ती. एकाने लिहिलं, ‘पुढच्या वेळी मी गठ्ठ्याची वाट बघेन.’ शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. सगळेच वाट बघत बसले तर पहिला भाग विकायचा कुणाला, आणि दुसरा लिहायचा कशाच्या जोरावर? दोन रात्री जागून जुन्या प्रत्येकाला सवलतीची लिंक पाठवली. घेतलेल्याचे पैसे गठ्ठ्यातून वजा. त्यातल्या बऱ्याच जणांना एकच डॉलर पडला.

दुसरी चूक बाबांना सांगू नकोस. पहिली तीन आख्यानं नवशिक्या पात्रांसाठी आहेत, चौथं एकदम दहाव्या पातळीचं, म्हणजे खेळून खेळून मुरलेल्या पात्रांसाठी. मधला कित्येक महिन्यांचा खेळ रिकामाच. आकडा फुगावा म्हणून घुसवलं होतं. हापूसच्या पेटीत तोतापुरी. आता ते बाहेर काढलंय. सलग खेळता येतील अशी तीन मिळून २८.

तू म्हणालास तसं ‘ढीगभर देऊन भाव पाड’ हे मला पटत नाही. २०२० साली इच.आयओवर मदतीसाठी १७००च्या वर वस्तूंचा गठ्ठा निघाला, कमीत कमी ५ डॉलरला. ८० लाखांवर डॉलर जमले. कामच तसं होतं, मीही घेतला. पण त्यातल्या सात-आठ वस्तू उघडून पाहिल्या असतील मी. माझं आख्यान न उघडता पडून राहिलं तर पाचवं कुणी मागणारच नाही.

पाचवं अर्धं झालंय आणि अडलंय. आजीला विचार, राखणदार देवचाराला काय काय ठेवायचे? विडी आणि रोट आठवतात, पण आणखी काहीतरी होतं, ती हळू आवाजात सांगायची. दुपारी विचार, तिन्हीसांजेला ती बोलायची नाही.

आईबाबांना नमस्कार. वहिनीला सांग, कुळथाची पिठी संपली.

तुझी,
मनी