रंग नको, मान बघ

मिलवॉकी,
रविवार रात्र

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

सोबतच्या कागदावरचा पेन्सिलीचा गिरगोटा फेकून देऊ नका. पाण्याखाली श्वासासाठी हवा भरून पाठीवर न्यायचा बाटला घेतलाय, त्याच्या खांद्यावर कागद धरून पेन्सिल घासली आहे, लहानपणी आम्ही नाण्यावर घासायचो तशी. चष्मा लावा आणि कागद समोर ठेवूनच पुढचं वाचा.

गेल्या शनिवारी जवळच्याच एका घरात जुनं सामान विकायला काढलं होतं. आजोबा वारलेले, मुलगा गॅरेज रिकामं करत होता. बर्फ उपसायच्या फावड्यांमागे पाणबुड्यांचे दोन पोलादी बाटले उभे. दोन्हीचे मिळून ऐंशी डॉलर म्हणाला. माझा हात पाकिटाकडे गेला आणि तिथेच थांबला. गेल्या वर्षीचा तो तकतकीत पिवळा बाटला आठवतोय ना? तुम्ही फोनवर म्हणाला होतात, "रंग कसला बघतेस, मान बघ." तेव्हा ऐकलं नाही. त्याच्या आत प्लास्टिकचा लेप निघाला. गंज चढू नये म्हणून त्या काळी काही बाटल्यांना आतून असा लेप द्यायचे. तो सुटला की ओल त्याच्या मागे शिरते आणि पोलाद गुपचूप पोखरलं जातं. वर मानेचा आटा जुना, अर्ध्या इंची, निमुळता होत जाणारा. हल्लीचे व्हॉल्व्ह पाऊण इंची सरळ आट्याचे, ते त्यात बसणार कसे! विकणाऱ्याने नंतर फोन उचलला नाही. असो.

या वेळी फरशीवर बसकण मारली आणि आधी मान वाचली. कागदावर पहिली ओळ बघा : आयसीसी ३एए २२५०. आयसीसी म्हणजे इथलं जुनं इंटरस्टेट कॉमर्स कमिशन. पुढे ते काम वाहतूक खात्याकडे गेलं आणि १९७० च्या सुमारापासून त्या जागी त्या खात्याची अक्षरं, डीओटी, ठोकायला लागले. म्हणजे तारीख वाचायच्या आधीच कळलं, बाटला माझ्यापेक्षा वयाने मोठा. एकच 'ए' असता तर साधं कार्बन पोलाद. दोन म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं. २२५० हा दर चौरस इंचावरचा पाउंडातला दाब, तुमच्या हिशोबाने चौरस सेंटिमीटरला साधारण १५८ किलो. खाली पीएसटी दिसतंय? प्रेस्ड स्टील टँक, याच मिलवॉकीची कंपनी. बाटला गाववालाच निघाला!

मग '५' आणि '६६', मधे निरीक्षकाची खूण, शेवटी अधिकचं चिन्ह. मे १९६६ मधली पहिली चाचणी, म्हणजे त्याची जन्मतारीखच. त्या अधिकाच्या जोरावर दहा टक्के जास्त, म्हणजे २४७५ पर्यंत भरता येतो. तेवढ्या दाबाला हवा मावते ७१.२ घनफूट, पण सगळे त्याला 'बहात्तर'च म्हणतात. पुढे ७१, ७७, ८३ चे ठसे आणि मग काहीच नाही. चाचणी दर पाच वर्षांनी लागते. आजोबांनी ८३ नंतर कधीतरी डुबकी सोडली असावी.

व्हॉल्व्हच्या बाजूच्या दांडीला एक जाड तार लोंबत होती. दाब दाखवणारं घड्याळ सोबत नसायचं तेव्हाची ही युक्ती. सुमारे ३०० पाउंड उरले की आतली स्प्रिंग हवा अडवते, श्वास जड होतो; मग पाठीमागची तार खाली ओढायची, राहिलेली हवा सुटते आणि वर यायचं. तार आधीच चुकून ओढली गेली असेल तर मात्र शिल्लक काहीच नाही.

बुडाचे रबरी बूट काढायला लावले तेव्हा तो मुलगा जरा वैतागला. पण खारं पाणी तिथेच साचून राहतं. दुसऱ्या बाटल्याच्या बुडाला नख अडकेल एवढे खड्डे होते. तो तिथेच ठेवला, एकाचे पन्नास दिले.

"अजून हवा आहे, ओढून बघा," मुलगा म्हणाला. मी नको म्हटलं. बंद पोलादी बाटल्यात ओल असली की गंज आतला ऑक्सिजन खात बसतो. वर्षानुवर्षं कोंडलेली ती हवा छातीत घेतली तर माणूस जागच्या जागी कोसळेल. घरी आणून अंगणात व्हॉल्व्ह जरासा उघडून ठेवला. बराच वेळ फुसफुसत होता, शेजारचं कुत्रं भुंकून दमलं.

दिवा सोडून आत बघितलं तर नुसती लाल भुकटी, खड्डे नाहीत. चाचणीवाल्याने पाण्यात बसवून ३७५० पर्यंत दाब दिला. दाब काढल्यावर जो फुगवटा मागे राहतो तो एकूण फुगवट्याच्या दहा टक्क्यांवर गेला की बाटला बाद. आपला पास झाला, अधिकासकट! सगळ्यात शेवटचा, चकचकीत ठसा तोच.

दादाला सांगा, मालवणला पाठवणं जमणार नाही. नागपूरच्या पेसोची, म्हणजे असे दाबाचे बाटले मंजूर करणाऱ्या सरकारी खात्याची, मंजुरी नसलेला परदेशी बाटला तिथे कुणी भरून देऊ नये आणि त्यानेही हट्ट धरू नये. त्याच्या बोटीवरचे ॲल्युमिनियमचे बाटले रिकामे होत आले की वर ओढतात, म्हणून कमरेला जास्त शिसं बांधावं लागतं. हा तेवढा ओढत नाही. पुढच्या रविवारी तळ्यात नेणार आहे, पाणी फार गार व्हायच्या आत.

आईला म्हणावं, जुना बाटला घेतला. किती जुना ते सांगू नका.

तुमची,
सुमी