मा. आरोग्यमंत्री साहेब, त्या खोलीचं कुलूप कधी निघणार?

मा. आरोग्यमंत्री साहेब,
सादर नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातली, सोळा सीझन ऊस तोडलेली बाई. दहावी शिकलेय म्हणून स्वतःच मोबाइलवर लिहितेय. तीन महिन्यांमागं आमच्याकडं शिबिर झालं, स्टेजवरून सांगितलं की सरकारी दवाखान्यात दर मंगळवारी फिजिओथेरपीवाले, म्हणजे दुखण्यावर व्यायाम शिकवणारे, येतील. खोलीला रंग दिला, पाटी लावली, फोटो काढले. मी सहा मंगळवार गेले आणि सहाही वेळा कुलूप. काल शिपाई म्हणला, मावशी, पदच भरलं नाही, उगं हेलपाटे कशाला मारता.

तीन वर्षं झाली कंबर दुखतेय. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढताना पाय सटकला, तवापासून. सकाळी उठायचं म्हणलं तर आधी कुशीवर वळायचं, मग हाताला रेटा देऊन बसायचं, मग भिंत धरून उभं राहायचं. न्हाणीतली बादली लेक उचलून देते, तिची बारावी आहे.

प्रायव्हेटला एमआरआय काढला, म्हणले मणक्यातली गादी सरकलीय, ऑपरेशन करा, दीड लाख. नसेल करायचं तर पट्टा बांधा, वजनं लावून कंबर ओढून घ्या. ८५० चा पट्टा घेतला. गोळ्यांनी पोटात आग पडायची. मग अंबाजोगाईला गेले, तिथं डॉक्टर ताईंनी पाय उचलून बघितले, पायाच्या अंगठ्याची ताकद बघितली, लघवी-संडासचं विचारलं आणि म्हणल्या, ताकद शाबूत आहे, ऑपरेशन नको, व्यायाम करा. पाठीवर झोपून गुडघे दुमडायचे, टाचा टेकवून कंबर उचलायची. रोज गोधडीवर करते. पहिल्या दिवशी तीन म्हणेपर्यंत टिकले, आता आठपर्यंत धरते. फरक पडतोय साहेब, खरंच पडतोय! पण पुढचं कोण शिकवणार? बायांना एसटीचं तिकीट अर्धं केलं ते चांगलंच केलं, पण अंबाजोगाईला दोन तास जायचं न् दोन तास यायचं, त्यात कंबर अजून धरते आणि मजुरी बुडते ती वेगळीच.

लेकीनं वाचून दाखवलं, जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीवर सूचना काढल्यात. व्यायाम, दुखणं समजावून सांगणं, मालिश, मनाचे उपचार हे द्या म्हणतात. आणि पट्टा, वजनानं ओढणं हे नेहमीच्या उपचारात नको म्हणतात. मग आमच्याकडं उलटं कामून? ॲडमिट होऊन ऑपरेशन केलं तर सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड चालतं, व्यायाम शिकायला चालत नाही, असं मला खिडकीवर सांगितलं.

आमच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या पिशव्याही अशाच निघाल्या साहेब. अंगावरून जातंय म्हणून दवाखान्यात गेली की काढून टाक. २०१९ ला बोंब झाली, समिती बसली, ८२ हजार बायांची पाहणी झाली त्यात १३ हजारांवर बायांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. कापायला सगळे तयार असतात, कापायच्या आधी हात लावून बघायला कोणी नसतं. कोयता थांबला की मुकादम खाडा लावतो, म्हणजे दंड कापतो, म्हणून बाई दुखणं दाबून वाकत राहते, हे कोणत्या सरकारला माहीत नाही?

मला पैसे नकोत. तालुक्याला एक फिजिओथेरपिस्ट द्या, आठवड्यातून एक दिवस तरी. दसऱ्यानंतर टोळ्या निघतील, नवऱ्यानं मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ठेवलीय, ती फेडायला मला वाकता आलं पाहिजे. त्याच्या आधी कुलूप काढा. येत्या मंगळवारी दहा वाजता मी परत त्याच खोलीपुढं बसलेली असेन.

बीड जिल्ह्यातली एक ऊसतोड कामगार