ओंकारला आता पुन्हा नीटला बसवू नका

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर विषय निघाला की बाबा, तुमचा आवाज चढतो आणि माझा गळा दाटतो. म्हणून लिहितेय. ओंकारला भोपाळच्या आयसरमध्ये, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या सरकारी संस्थेत, जागा मिळाली आहे. तिथल्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म मी भरला, फीही मीच दिली. भाऊला, तुम्हाला आधी सांगितलं नाही. चूक माझी आहे, रागवायचं तर माझ्यावर रागवा, पोरावर नको.

दोन वर्षं तो नाशिकला माझ्याकडे राहिला. सकाळी कॉलेज रोडचा क्लास, दुपारी अभ्यासिका, रात्री टेस्ट पेपर. 180 प्रश्न, 720 मार्क, उत्तर चुकलं की एक मार्क वजा. त्यानं कधी टाळाटाळ केली नाही. तरी यंदाही सरकारी एमबीबीएसला मार्क कमी पडले, आणि भाऊ म्हणतो अजून एक वर्ष रिपीट.

दिवाळीच्या सुट्टीत तो माझ्या लॅबमध्ये आला होता. एका पेशंटच्या नमुन्यातले जंतू मी प्लेटवर पसरवले होते, वर अँटिबायोटिकच्या बारीक कागदी चकत्या. रात्रभर उबेत ठेवलं की जे औषध लागू पडतं त्याच्या चकतीभोवती मोकळं वर्तुळ उमटतं. पट्टी लावून मिलिमीटर मोजायचे. ओंकारनं एका चकतीकडे बोट केलं. तिच्याभोवती वर्तुळच नव्हतं. "आत्या, या जंतूनं वाचायला नेमकं काय केलं?"

बाबा, आठवतं? भुरी रोगावर तेच ते औषध सारखं मारलं की पुढे ते चालत नाही, हे मला तुम्ही शिकवलंत, द्राक्षाच्या बागेत, पाठीवर पंप असताना. मी रोज तेच प्लेटवर बघते. आणि तुमचा नातू त्याच्याही आत काय घडतं ते विचारतोय.

मी त्याला रायबोसोमबद्दल सांगितलं. पेशीत प्रथिनं तयार होतात ती जागा. कितीतरी अँटिबायोटिक जंतूचा रायबोसोमच धरून ठेवतात. दोन दिवसांनी तो स्वतःच वाचून आला, की त्याची रचना उलगडल्याबद्दल 2009चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यातले वेंकटरामन रामकृष्णन यांनी बडोद्यात मेडिकल सोडून फिजिक्स घेतलं होतं. जीवशास्त्राकडे ते पीएचडी झाल्यावर वळले. इतकं खुलून बोलताना मी त्याला दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. आयसरला पाच वर्षं आहेत, सुरुवातीला सगळं विज्ञान शिकवतात, मग आपला विषय निवडायचा. पुढे पीएचडी म्हणजे रस्ता लांबचा आहे, पैसा उशिरा येईल. हे मी त्याच्यापासून लपवलेलं नाही.

आता माझं. दिंडोरीहून एसटीनं येताना म्हसरूळला आरोग्य विद्यापीठ दिसलं की तुम्ही दरवेळी म्हणायचात, "इथून आपली डॉक्टर निघणार." त्याच विद्यापीठाच्या पदव्या नर्सिंगच्या, फिजिओथेरपीच्या, आयुर्वेदाच्याही असतात, पण आपल्या घरात त्यातलं एकही नाव कधी निघालं नाही. माझी मेडिकलची सीईटी हुकली, मी मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी, एमएस्सी केलं. आजही कुणी विचारलं की तुम्ही आवाज खाली आणून सांगता, "तिचं डॉक्टर व्हायचं राहिलं."

बाबा, माझं काही राहिलेलं नाही. आयसीयूतले डॉक्टर सकाळी सातला मला फोन करतात, कुठलं औषध चालू ठेवू म्हणून. मी सांगते, मग ते सलाईन बदलतात. हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं.

शनिवारी दोघं या. निमाणीला उतरा, मी घ्यायला येते. बाबांना लॅबमध्ये ती प्लेट दाखवायची आहे. आई, ओंकारसाठी तुझी जुन्या लुगड्यांची गोधडी आण, भोपाळला थंडी असते.

तुमची,
सुनंदा