ताम्रपटाशेजारची जागा

ती. बाबा आणि ती. आई,

साष्टांग नमस्कार.

गणपतीआधी घराला रंग काढताय, असं दादा म्हणाला. म्हणजे बैठकीतल्या सगळ्या तसबिरी खाली उतरणार. परत लावताना त्यात एक वाढवा, एवढ्यासाठी हे पत्र. फोनवर हा विषय काढला की बाबा "बघू" म्हणतात आणि फोन आईच्या हातात येतो. पत्राचं तसं करता येत नाही.

आई, तुझ्या कपाटात बांगड्यांच्या मागे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात आप्पांचं मेडल आहे, सहा टोकांची चांदणी. तिची मळकी फीत जरा उजेडात धरून बघ. लाल, पांढरा, मधे हिरवा, मग पुन्हा पांढरा आणि लाल. इटलीच्या झेंड्याचे रंग आहेत ते. त्या मेडलचं नावच 'इटली स्टार'. इथं बोलोन्यात कुठल्याही कचेरीवर तेच रंग फडकताना दिसतात.

बाबा, तुमचं म्हणणं मला पाठ आहे. "तात्या देशासाठी लढला, आप्पा गोऱ्यांच्या राजासाठी." दोघं भाऊच, पण तात्यांना 1972 साली स्वातंत्र्यसैनिक म्हणून ताम्रपट मिळाला, तो तुम्ही चौकट करून दाराच्या समोरच लावलात. लावायलाच हवा होता. आप्पा मात्र दुसरं महायुद्ध संपल्यावर 1946 ला घरी आले. नोकरीची वर्षं भरली नव्हती, त्यामुळे पेन्शन नाही. आले ते थेट औताला जुंपले. बोललेही फारसे नाहीत. "तिकडं चिखल लई, आन् गार" एवढीच त्यांची इटली.

तो चिखल कुठला, हे आता मला कळलंय. त्यांच्या डिस्चार्ज बुकात पलटण लिहिली आहे, 1/5 मराठा, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण. आठव्या इंडियन डिव्हिजनमधली ही पलटण. ही डिव्हिजन सप्टेंबर 1943 मध्ये इटलीच्या दक्षिण टोकाला, तारांतोला उतरली आणि नदीमागून नदी ओलांडत दीड वर्षात वर सरकली. बोलोन्याहून पूर्वेला सेनिओ नावाची नदी आहे, ती मी बघून आले. पाणी आपल्या ओढ्याइतकंच, पण दोन्ही काठांना मातीचे उंच उंच बांध. त्या बांधांच्या पोटात जर्मनांनी मशिनगनी बसवल्या होत्या आणि उतारावर सुरुंग पेरले होते. आता तिथं द्राक्षं आणि पीच आहेत, अगदी आपल्या तासगावकडच्यासारखे मांडव.

9 एप्रिल 1945 ला ह्याच पलटणीचा शिपाई नामदेव जाधव, संगमनेर तालुक्यातल्या निमजचा, इथं पाण्यात उतरला. बरोबरचे बहुतेक सगळे पडले, कंपनी कमांडर आणि दोघे जवान जखमी. त्यानं एका जखमीला पाठीवर घेतलं, खोल पाण्यातून आणि सुरुंगांमधून बांधापलीकडे पोचवलं. मग परत येऊन दुसऱ्याला नेलं. तिसऱ्यांदा आला तो मशिनगनीवरच. हाताला गोळी लागून बंदूक चालेना, तेव्हा ग्रेनेड टाकून उरलेली दोन ठाणी बंद पाडली आणि भर माऱ्यात बांधावर उभं राहून मराठ्यांची गर्जना देत मागच्यांना बोलावलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ब्रिटिशांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक. आप्पा त्या दिवशी तिथं होते की नाही, हे डिस्चार्ज बुक सांगत नाही. मी ओढूनताणून त्यांना तिथं उभं करणार नाही.

जवळच फोर्लीला भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे. ज्यांना अग्नी दिला, अशा साडेसातशेहून जास्त जणांची नावं तिथं कोरली आहेत. मराठा पलटणीची नावं वाचत गेले. आपल्या गावातल्या मतदारयादीतलीच आडनावं. इटलीत आपले साडेपाच हजारांवर जवान कामी आले, बाबा. त्यांतल्या किती जणांना राजाचं काही पडलं होतं? दुष्काळी जमीन, घरात दहा तोंडं, आणि भरतीचा साहेब चावडीवर येऊन बसलेला.

आता मुद्द्याचं. त्याच वर्षांत आपल्याकडे नाना पाटलांचं प्रतिसरकार होतं. जून 1943 मध्ये शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची गाडी लुटली, तेव्हा तात्या अठराएक वर्षांचे. त्यांचं काम भूमिगतांना भाकरी पोचवायचं. आत्या सांगते, पणजी पहाटे टोपलंभर भाकरी थापायची. त्या भाकरींची ज्वारी कशावर यायची? आप्पांच्या मनीऑर्डरीवर! गोऱ्यांच्या पगारातून गोऱ्यांचेच वैरी जेवत होते, आणि दोघा भावांना ते माहीत होतं. तात्यांनी आप्पांना कधी टोचून बोललेलं तुम्ही तरी ऐकलंय का? तो भेद आपण मागाहून केला.

तर आई, मेडल चिंचेनं घासू नकोस, फीत तर धुऊच नकोस. दादाला सांगून काचेची खोलगट चौकट करून घे. ताम्रपटाच्या शेजारी, त्याच उंचीवर. डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांचे फोटो मला पाठवा. बेळगावच्या मराठा सेंटरला लिहून आणखी काही मिळतंय का, बघते. आणि बाबा, आत्याला एकदा गाडी करून घेऊन या, ती ऐंशीच्या पुढे आहे. तिला विचारून सगळं वहीत उतरवून ठेवा. "बघू" नको.

रंग फिकट पिवळाच घ्या, दादाच्या निळ्याच्या नादी लागू नका.

तुमची,
धाकटी